मुलीच्या पोहण्यासाठी लोकांकडे पैसे मागावेत का?

मालवण तालुक्यातल्या एका आईनं विचारलंय. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. पोहायला समुद्रातच शिकली. चिवला बीचवरच्या स्पर्धेत तिच्या गटात वरचा नंबर आला, तेव्हा तिथे आलेले एक प्रशिक्षक म्हणाले, "हिला पुण्याला पाठवा, नाव काढेल." वसतिगृह, शाळा, कोचिंग मिळून वर्षाचे ३ लाख ६० हजार. वडील रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, संघात आहेत, पर्यटनाच्या मोसमात बोटीवर जातात. मुंबईच्या मामानं ऑनलाइन मदत गोळा करायला व्हिडिओ तयार केलाय: करुण संगीत, घराचं मोडकं दार, मुलगी डोळे पुसतेय, खाली 'उद्याची ऑलिंपियन' आणि लक्ष्य १० लाख. वडिलांचं एकच म्हणणं, "पोरीसाठी हात पसरूक मी जावचंय नाय." मुलगी गप्प आहे. त्यातच कुणाचा तरी फोन आला, की थायलंडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झालीय, १ लाख २० हजार भरा. आईचा प्रश्न: असे पैसे मागणं बरोबर आहे का?

ताई, मागणं चूक नाही. पण मामांचा व्हिडिओ आहे तसा टाकू नका, आणि थायलंडसाठी कुणाकडूनही एक रुपया घेऊ नका. मी कोकणात बरीच वर्षं मुलांना पोहायला शिकवतोय आणि एका छोट्या खेळाडू-मदत निधीची पावतीपुस्तकंही माझ्याकडेच असतात. त्यामुळे मागणाऱ्याची अडचण आणि देणाऱ्याची शंका, दोन्ही रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

आधी मुलीच्या वडिलांचं बघू, कारण घरात त्यांना बाजूला सारून हे काम करू नये. त्यांना भीक वाटतेय ती का, हे समजून घ्या. आपल्याकडे वर्गणी ही काही नवी गोष्ट नाही. गावचा सभामंडप, शाळेचं छप्पर, वहाळावरचा साकव, यातलं कितीतरी मुंबईकर मंडळांच्या वर्गणीतून उभं राहिलंय. कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. कारण पैसे मागणारा गावाला माहीत असतो, पावती फाडली जाते, आणि चाकरमानी गणपतीला आले की मंडळाच्या सभेत हिशेब वाचला जातो. त्या सभेत एक तरी म्हातारा उठून विचारतोच, "मंडपवाल्याक दिलेल्या पैशाची पावती खय आसा?" सगळे वैतागतात, पण त्या म्हाताऱ्यामुळेच वर्गणीची भीक होत नाही. ऑनलाइन मदतीत हा म्हातारा नसतो. नागपूरचा किंवा दुबईचा अनोळखी माणूस पाचशे रुपये पाठवतो आणि विसरून जातो. त्यानं विचारलं नाही तरी त्याला हिशेब मिळाला पाहिजे, ही व्यवस्था तुम्हाला स्वतःहून उभी करावी लागेल. वडिलांना हे असं सांगून बघा. हिशेब देणाऱ्याला हात पसरणारा कुणी म्हणत नाही.

लोकवर्गणीतून खेळाडू घडल्याचं उदाहरण म्हणून मुलीचे मामा पैलवान खाशाबा जाधवांचं नाव घेतील, सगळेच घेतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबांसाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या गोष्टीचा उरलेला भाग फारसा सांगितला जात नाही: परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लढवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं. खाशाबा तेव्हा २६ वर्षांचे होते, चार वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिक खेळून आलेले. ते ओझं त्यांनी स्वतः समजून-उमजून घेतलं होतं. तुमची मुलगी १३ वर्षांची आहे आणि गप्प आहे. तिच्या नावावर आज दहा लाख गोळा झाले तर ते फेडायचं कुणी, आणि कशानं?

तुमच्या घरात रापण आहे, म्हणून तिचंच उदाहरण देतो. रापणीचा दोर ओढायला जो हात लावतो त्याचा मासळीत वाटा असतो, आणि तो मागितला तर कुणी वाईट म्हणत नाही. देणगी देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात नकळत हाच हिशेब असतो. आम्ही दोर ओढला, आता मासळी दाखवा. मासळी म्हणजे पदक, पेपरातला फोटो, आमच्या दुकानाच्या उद्घाटनाला मुलीची हजेरी. म्हणून मागतानाच स्पष्ट सांगावं लागतं की इथे कुणाचा वाटा नाही. पैसे एका ठरावीक खर्चासाठी आहेत, तो खर्च झाला की नाही एवढंच विचारायचा अधिकार देणाऱ्याला आहे, आणि उत्तर द्यायची जबाबदारी आई-वडिलांची आहे. मुलीवर कसलीच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली नीती एवढ्यातच आहे. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आता थायलंड. हा फोन कोकणात हल्ली फार घरांत येतो. कधी नेपाळ, कधी भूतान, कधी मलेशिया. खेळ बदलतो, रक्कम बदलते, पद्धत तीच. निवडीचं पत्र येतं, त्यावर तिरंगा, 'इंडिया', 'इंटरनॅशनल', 'फेडरेशन' हे शब्द ठळक. भरणा मात्र कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर. पालक दागिने गहाण टाकतात, गाव वर्गणी काढतं, नाक्यावर 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणून फ्लेक्स लागतो. मुलं जातात, तीन-चार देशांची म्हणून सांगितलेली पण निम्मी आपलीच मुलं तिथे असतात, प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडतं. परत आल्यावर नोकरीच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी ते प्रमाणपत्र पडताळणीला नेलं की कळतं, ती संघटनाच मान्यताप्राप्त नाही.

फोन करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "कुठल्या स्पर्धेतल्या कुठल्या वेळेवर निवड झाली?" पोहण्यात निवड घड्याळ करतं. भारताचा संघ भारतीय जलतरण महासंघ निवडतो, मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या नोंदवलेल्या वेळेवरून, आणि ते पत्र राज्य संघटनेमार्फत येतं. तुमच्या मुलीची तलावातली अधिकृत वेळ अजून कुठेच नोंदलेली नसेल, तर तिची भारतीय संघात निवड होऊच शकत नाही. तो माणूस गडबडेल किंवा चिडेल. तरी शंका राहिली तर पत्र घेऊन ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघांची यादी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, ती त्यांना दाखवायला सांगा.

यात नीतीचा काय संबंध, असं वाटेल. आहे. तुम्ही स्वतः फसलात तर नुकसान तुमचं. पण लोकांचे पैसे घेऊन फसलात तर तुम्ही त्यांना फसवल्यासारखंच होतं, मनात काही नसलं तरी. परक्याचा पैसा मागण्याआधी त्या खर्चाची शहानिशा करणं हे मागणाऱ्याचं काम आहे.

पुण्याचं प्रकरण इतकं सरळ नाही. ते प्रशिक्षक खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. मुलीच्या हातात ताकद असेल, पाण्यावर तिचं अंग चांगलं तरंगत असेल, अनुभवी डोळ्याला ते कळतं. पण समुद्रातल्या नंबरावरून तलावातला अंदाज बांधता येत नाही. समुद्रात प्रवाह असतो, लाट असते, सरळ रेषेत जाण्याची कला असते. आपल्याकडची मुलं त्यात तरबेज. तलावात दर पन्नास मीटरला भिंत येते, आणि ज्याला वळण घेता येत नाही तो प्रत्येक भिंतीशी मागे पडतो. खाड्या आणि समुद्रात वाढलेली मुलं पहिल्यांदा तलावातल्या स्पर्धेला उतरली की चारशे मीटरमध्ये केवळ वळणांवर किती मागे जातात हे मी अनेकदा पाहिलंय. सुटणारी गोष्ट आहे ती, पण महिने लागतात. म्हणून पहिला खर्च साडेतीन लाखांचा नाही. पहिला खर्च आहे कोल्हापूरच्या एखाद्या चांगल्या तलावावर तिला आठवडाभर नेऊन ५०, १०० आणि ४०० मीटरची वेळ लावून घेण्याचा. त्या वेळा राज्य स्पर्धेतल्या निकालांशी ताडून बघा. मग कळेल आपण कुठे आहोत.

तोवर 'उद्याची ऑलिंपियन' हे शब्द पुसा. ते असत्य आहे. वाईट हेतूचं नसलं तरी देणारा त्या शब्दावर पैसे देतो.

दुसरं, सरकारी मार्ग आधी चाचपून बघा. ते संथ आहेत, कागद मागतात, कधी साहेब रजेवर असतात, हे सगळं मान्य. पण आठवीतल्या मुलीला शालेय क्रीडा स्पर्धेत जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे. आपला जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी निवड झालेल्या मुलांचा राहण्या-जेवण्याचा आणि प्रशिक्षणाचा खर्च करते. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंत खर्च होतो, त्यातले १ लाख २० हजार म्हणजे महिना दहा हजार हातखर्चाला मिळतात. तिथवर पोचणं अवघड आहे, पण दार आहे. आणि कंपनी कायद्याच्या २०१३ च्या तरतुदीनुसार कंपन्यांच्या सामाजिक निधीतून ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो, तो बहुतेक नोंदणीकृत संस्थेमार्फत होतो. जे फुकट किंवा हक्कानं मिळू शकतं त्यासाठी अर्जच न करता लोकांच्या खिशाकडे जाणं मला योग्य वाटत नाही. अर्ज केलाय, उत्तराची वाट बघतोय, असं लिहून मागितलंत तर त्यात गैर काही नाही.

आणि पुण्याला आत्ताच पाठवायचं का, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ च्या अहवालात म्हटलंय की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकललेलं बरं. लवकर जुंपलेल्या मुलांत दुखापती आणि कंटाळा जास्त. पोहण्यात काही मुली लहानपणीच चमकतात हे खरं. पण तेरा ते पंधरा या वयात मुलींचं शरीर बदलतं, वजन आणि उंचीचं गणित बदलतं, आणि कित्येक चांगल्या पोहणाऱ्या मुलींची वेळ वर्ष-दोन वर्षं एकाच जागी थांबते. कधी मागेही जाते. ज्या प्रशिक्षकाला हे माहीत आहे तो शांत राहतो, तंत्रावर काम करतो. ज्या पालकांनी दहा लाख गोळा केलेत त्यांना शांत राहता येत नाही. दर महिन्याला लोकांना 'अपडेट' द्यायचं असतं, आणि द्यायला काही नसतं.

खांदा दुखत असताना पोहत राहिलेला एक मुलगा मला आठवतो. त्याच्या फीची सोय गावच्या मंडळानं केली होती. मंडळातले लोक भले होते, कुणी त्याला काही बोललं नव्हतं. तरी तो दुखणं लपवायचा. विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, वाडीत जाताना सगळे विचारतात, काय, यंदा पदक ना?" बस, तेवढंच. प्रेमानं विचारलेलं. पण चौदा वर्षांच्या पोराला ते व्याजासारखं वाटत होतं.

म्हणून मी आमच्या निधीतून मदत देताना पालकांकडून एक ओळ लिहून घेतो आणि ती मुलासमोर वाचून दाखवतो: खेळाडूनं दुखापतीमुळे, अभ्यासामुळे किंवा इच्छा नाही म्हणून खेळ सोडला तर कुणालाही उत्तर द्यायचं कारण नाही, उरलेले पैसे निधीत परत येतील, खर्च झालेले गेले. तुम्हीही ही ओळ तुमच्या आवाहनात घाला. काही लोक ती वाचून देणार नाहीत. न देऊ देत. ज्याला पोरीनं पोहणं सोडलेलं चालणार नाही त्याचे पैसे न आलेलेच बरे.

मुलीच्या गप्प बसण्याबद्दल. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्यातलं बारावं कलम सांगतं की मुलाच्या बाबतीतल्या निर्णयात त्याचं मत ऐकलं गेलं पाहिजे, वय आणि समज बघून त्याला वजन दिलं पाहिजे. तुम्ही विचारलंत तर ती "होय" म्हणेल. मामांनी विचारलं तरी "होय". तेरा वर्षांची मुलगी घरातल्या मोठ्यांना नाही म्हणत नाही. तिला शाळेतल्या खेळाच्या बाईंनी किंवा तिचा विश्वास असलेल्या एखाद्या मावशीनं, तुम्ही समोर नसताना विचारू दे. तीन गोष्टी विचारायच्या: पुण्याला जायचंय का, तुझा चेहरा मोबाइलवर सगळ्यांनी बघितलेला चालेल का, वर्गातल्या मुलांनी तो व्हिडिओ बघितला तर कसं वाटेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. मोठ्यांना वाटतं त्याहून ते फार महत्त्वाचं असतं.

व्हिडिओबद्दल माझं मत थोडं कडक आहे. रडणारं मूल दाखवून पैसे जास्त येतात, हे मदत गोळा करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच ते टाळायचं. मोडकं दार तुमचं आहे, ते दाखवायचं की नाही हे तुम्ही मोठी माणसं ठरवाल. पण तिचे अश्रू तुमचे नाहीत. आज दहा लाखांसाठी टाकलेला व्हिडिओ ती वीस वर्षांची झाली, लग्नाचं बघायला लागली, नोकरीला गेली तरी सापडेल. दाखवायचंच असेल तर ती पोहताना दाखवा, टोपी आणि गॉगल घातलेली, लांबून. बोलायचं ते आई-वडिलांनी. पोहण्याच्या पोशाखातले जवळचे फोटो तर अजिबात नकोत. मुलींच्या फोटोंचं इंटरनेटवर काय होतं ते मी इथे सांगत बसत नाही. गावाचं नाव, शाळेचं नाव, सरावाची वेळ आणि जागा हे चारही एकत्र कुठे लिहू नका. ज्याला खात्री करायची आहे त्याला फोनवर सांगता येतं.

आता पैशांचं, जरा कोरडं पण गरजेचं.

माझ्या अंदाजानं पुढच्या वर्षी पुण्याला न पाठवता काम होईल. मे महिन्याचं आणि दिवाळीचं शिबिर कोल्हापूरला, राहण्या-जेवणासह ३० हजार. प्रशिक्षकाची वर्षाची फी २४ हजार. स्पर्धांचा प्रवास, फोंडा घाटातून एसटीनं किंवा कुडाळहून रेल्वेनं, सोबत एक मोठं माणूस धरून, २५ हजार. पोशाख, गॉगल, फिन, पॅडल ८ हजार. एकूण ८७ हजार. महागडा रेसिंग सूट यात धरलेला नाही आणि धरूही नका. अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं २०२० पासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते सूट स्पर्धेत घालायलाच मनाई केलीय, आणि आपल्याकडे बिचारे पालक आठवीतल्या मुलीसाठी त्यावर वीस-वीस हजार घालतात. यातले २५ हजार घरून निघतील असं धरू, कारण स्वतःचं काहीच न घालता मागितलेलं लोकांना खटकतं आणि खटकावंही. मामा आणि नातेवाइकांकडून १५ हजार. उरतात ४७ हजार. एवढेच मागा.

हा आकडा मुद्दाम ५० हजारांच्या आत ठेवलाय. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून मिळाली तर आयकर कायद्यानुसार ती सगळीच्या सगळी उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नाही. सख्ख्या मामाचे पैसे यात मोजत नाहीत, तो कायद्यानंही नातेवाईक आहे. तुमचं उत्पन्न बघता प्रत्यक्ष कर लागणार नाही कदाचित, पण मोठी रक्कम घ्यायची झाली तर आधी कर सल्लागाराला विचारा. देणाऱ्यांना 'करसवलत मिळेल' असं मात्र चुकूनही लिहू नका. ती सवलत आयकर खात्याकडे त्यासाठी नोंदणी (८० जी म्हणतात ती) असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, एखाद्या कुटुंबाला दिलेल्या पैशावर नसते. आखातात असलेल्या आपल्या माणसांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचं तसं नाही, त्यांच्याकडून घेण्याआधी विचारून घ्या. आणि गावातल्या मंडळानं तुमच्यासाठी जाहीर वर्गणी काढायचं ठरवलं, तर गणेशोत्सवाला काढतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१ क ची परवानगी लागते का, हे मंडळाच्या सेक्रेटरींनी आधी बघावं.

ऑनलाइन मदत गोळा करायचे केटो, मिलाप असे मंच सोयीचे आहेत, पण पैसे भरण्याचा शुल्कखर्च, कुठे फी, कुठे देणाऱ्याकडून मागितलेली 'टिप' हे सगळं आधी वाचून घ्या. ४७ हजारांसाठी मला वाटतं मंचाची गरजच नाही. वेगळं बचत खातं काढा, ज्यावर बोटीच्या कर्जाचा हप्ता किंवा दुसरं काही लागलेलं नाही. नाहीतर लोकांनी पोहण्यासाठी दिलेले पैसे पहाटे हप्त्यात कापले जातात आणि संध्याकाळी तुम्ही अप्रामाणिक ठरता. पैसे प्रशिक्षकाच्या खात्यात कधीही घेऊ नका. त्याची फी त्याला पावतीवर द्या. आणि पैसे गोळा करून देतो, त्यातले अमुक टक्के माझे, असं म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर त्याच्याकडे मुलगी पाठवू नका.

दर तीन महिन्यांनी एका पानाचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या देणाऱ्यांना. जमा, खर्च, शिल्लक, बिलांचे फोटो. मुलीचा निकाल त्यात नको. हे थोडं विचित्र वाटेल, लोक विचारतीलही. पण हिशेब आणि निकाल एका कागदावर आले की पाचशे रुपयांना पदक तोलायला सुरुवात होते.

कुणाचे पैसे नको म्हणायचे, हेही ठरवून ठेवा. निवडणुका आल्या की आपल्या किनाऱ्यावर खेळाडूंवर प्रेम अचानक उफाळून येतं. मोठ्या फलकावर नेत्याचा पानभर चेहरा आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी तुमची मुलगी. गुटखा, दारू, जुगाराच्या ॲपवाल्यांचे पैसेही तसेच. अट घालून दिलेला पैसा आदरानं परत करा. यात नुकसान आहे, मला माहीत आहे. एका फटक्यात पन्नास हजार देणारा माणूस नाकारून पाचशेवाले शंभर जण शोधायला जीव जातो. तरी शंभर जणांपैकी कुणालाच तुमच्या मुलीवर मालकी वाटत नाही, हा त्याचा फायदा.

एक गोष्ट मला स्वतःला अजून पूर्ण सुटलेली नाही. तुमच्या मुलीच्या शाळेत खो-खो खेळणाऱ्या मुली असतील. त्यांना मुंबईत व्हिडिओ करणारा मामा नाही, आणि नऊ जणींच्या संघाची गोष्ट एका चेहऱ्यावर सांगता येत नाही. लोकांची मदत चेहऱ्याकडे, गोष्टीकडे जाते; ज्याची गरज मोठी त्याच्याकडे जाईलच असं नाही. यात तुमचा दोष नाही आणि त्यासाठी तुम्ही मदत घेऊ नये असंही मी म्हणणार नाही. पण लक्ष्यापेक्षा जास्त पैसे आले तर 'आता पुढच्या वर्षासाठी ठेवू' असं न करता तिथेच मागणं बंद करा आणि वरचे पैसे कुठे जातील ते आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे एका कुटुंबानं उरलेल्या पैशातून शाळेला खो-खोचे नवे खांब आणि बुटांचे जोड घेऊन दिले होते. त्या मुलींना कुठल्याही व्हिडिओत रडावं लागलं नाही.

मामांना रागावू नका. त्यांनी भाचीसाठी धडपड केलीय. त्यांना फक्त व्हिडिओऐवजी हा मजकूर द्या, हवा तसा बदलून:

"आमची मुलगी १३ वर्षांची आहे. समुद्रात चांगली पोहते. तलावातली तिची तयारी आता सुरू होतेय. ती किती पुढे जाईल हे आम्हाला माहीत नाही. या वर्षीचा खर्च ८७ हजार आहे, त्यातले ४० हजार आम्ही आणि नातेवाईक घालतोय. ४७ हजार कमी पडतात. खर्चाची यादी सोबत आहे. शासकीय योजनांसाठी अर्ज केला आहे. तिथून मदत मिळाली तर तेवढी रक्कम परत करू. दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवू. तिनं पोहणं सोडलं तर उरलेले पैसे शाळेच्या क्रीडा विभागाला देऊ. करसवलत मिळणार नाही. पदकाचं वचन नाही. प्रश्न असतील तर आम्हाला, म्हणजे आई-वडिलांना, फोन करा. मुलीला विचारू नये ही विनंती."

खाली सही दोघांची हवी. मुलीच्या वडिलांनी सही केली नाही, तर मजकूर पाठवू नका. पावसाळ्यात बोटी वर ओढल्यावर त्यांना वेळ असतो, तेव्हा पुन्हा बसून बोला. तोवर कोल्हापूरच्या तलावावर वेळ लावून घ्या. त्या आठवड्याचे चार-पाच हजार कुणाकडे मागावे लागणार नाहीत.